न पाहिलेल्या ‘सावकारी पाशा’विषयी

एक उदास झोपडी. कॅमेरा तिच्यापासून लांब उभा आहे. उजेड अगदी बेताचा. कुठंतरी एक कुत्रं गळा काढून रडतंय.

बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाशा’चा विषय निघाला की ही झोपडी निघतेच. ती आपल्यापर्यंत पोचवली जे. बी. एच. वाडिया यांनी. ‘हंटरवाली’सारख्या चित्रपटांचे हे निर्माते. चाबूक, घोडे, मारामाऱ्या हे त्यांचं राज्य. अशा माणसाला ही झोपडी आठवली की समाधी लागल्यासारखं होई, असं त्यांनीच नोंदवून ठेवलंय. मी ही झोपडी पाहिलेली नाही. १९२५ सालचा मूक ‘सावकारी पाश’ आज कुणालाच पाहता येत नाही. त्याचं रीळ कुठं उरलेलं नाही. उरली ती काही छायाचित्रं, कलावंतांची नावं, कथेचा गोषवारा आणि पाहिलेल्यांच्या आठवणी.

एवढ्यावर रसग्रहण करता येतं? मला वाटतं, येतं. मी लाखांदूरचा आहे, आणि आमच्या झाडीपट्टीत न पाहिलेल्या नाटकांचा रस घेणं हा माणसांच्या अंगवळणी पडलेला प्रकार आहे. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. धान कापणीला आलेलं असतं किंवा कापून पडलेलं असतं. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. वैनगंगेपलीकडच्या वडशाहून मंडळ्या येतात. दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पाखरं बोलायला लागली की पडतो. हंगाम संपला की त्यातली बरीच नाटकं कायमची संपतात. वही कुणाच्या तरी ट्रंकेत जाते, पुढच्या वर्षी गावं दुसरं नाटक मागतात. राहतं ते सांगणाऱ्यांच्या तोंडी.

माझी मोठी माय शाळेत गेलेली नाही. माझ्या जन्माआधी तिनं पाहिलेलं एक नाटक मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की त्यातला खलनायक कुठल्या अंगानं रंगमंचावर येतो, त्या वेळी पेटीवाला काय करतो आणि पेट्रोमॅक्स कसा भुरभुरतो, हे मला पाठ आहे. दर वेळी सांगताना ती थोडं बदलते. लहानपणी मी तिची चूक काढायचो. आता काढत नाही. ती कुठं चुकते हे लक्षात ठेवतो, कारण जिथं ती चुकते तिथंच तिला सगळ्यात जास्त लागलेलं असतं. ‘सावकारी पाशा’कडे मी याच कानानं बघतो आहे.

कथा नारायण हरी आपट्यांची. म्हणजे पुढं ज्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातनं ‘कुंकू’ काढला, तेच आपटे. एक गरीब शेतकरी. एक लोभी सावकार. सावकार खोटा दस्तऐवज करतो आणि जमीन गिळतो. शेतकरी बायको-पोरांसह गाव सोडतो, शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याचं काम केलं होतं तेविशी-चोविशीतल्या शांताराम वणकुद्रेंनी, ज्यांना आपण व्ही. शांताराम म्हणून ओळखतो. कमलादेवी, झुंझारराव पवार, केशवराव धायबर ही कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची नेहमीची माणसंही त्यात होती.

आज ही गोष्ट ओळखीची वाटते, कारण ती नंतर फार वेळा सांगितली गेली. बिमल रॉय यांच्या १९५३ च्या ‘दो बिघा जमीन’मध्ये शंभूचं पासष्ट रुपयांचं कर्ज कागदोपत्री दोनशे पस्तीस होतं आणि तो कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. पण १९२५ साली पडद्यावर कोण दिसत होतं ते आठवा. राम, कृष्ण, सावित्री, नळ, मराठी मुलखात त्यांच्या जोडीला शिवाजी आणि तानाजी. सामाजिक प्रश्नाला हात घालणारे चित्रपट बोटांवर मोजण्याइतके. स्वतः पेंटरांनीही तोवर ‘सैरंध्री’, ‘सुरेखा हरण’, ‘सिंहगड’, ‘कल्याण खजिना’ असेच विषय घेतले होते. अशा पडद्यावर एक दिवस मळक्या मुंडाशातला माणूस येऊन उभा राहतो. त्याला शाप मिळालेला नाही, उःशापही मिळणार नाही. त्याच्यावर कर्ज आहे.

आणि इथं मला भारतीय सिनेमाची सुरुवातच वेगळी दिसायला लागते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आपण त्याला पौराणिक म्हणतो आणि पुढं जातो. पण हरिश्चंद्राची गोष्ट आहे कशाची? देण्याची. राज्य दान दिलं तरी वर दक्षिणा द्यायची राहते. ती फेडायला मुदत मिळते. मुदतीत पैसा उभा राहत नाही. राजा बायको-पोराला घेऊन काशीला, म्हणजे शहराला जातो, त्यांना विकतो, शेवटी स्वतःला विकतो आणि मसणात चाकरी धरतो. विश्वामित्राच्या जागी वही घेतलेला माणूस बसवा, काशीच्या जागी गिरणीचं शहर ठेवा, की आपट्यांचा शेतकरी तयार झाला. आमच्याकडे एखाद्याची सगळी बांधी गहाण पडली की म्हातारी माणसं अजूनही म्हणतात, त्याच्यावर हरिश्चंद्राची पाळी आली. ती उपमा नसते. त्यांच्या लेखी ती एकच गोष्ट असते.

फरक शेवटात आहे. हरिश्चंद्राला अखेर देव भेटतो, मुलगा उठून बसतो, राज्य परत मिळतं. विश्वामित्र परीक्षा घेत होता, हे कळतं. म्हणजे ऋण खरं नव्हतंच, ते सत्त्व पाहण्याचं निमित्त होतं. सावकार परीक्षा घेत नाही. तो जमीन घेतो. बाबूरावांनी फाळक्यांच्या पडद्यावरून फक्त देव काढून घेतला आणि सगळी गोष्ट जागच्या जागी उघडी पडली, असं मला वाटतं. ‘सावकारी पाशा’ला आपण वास्तववादाचा आरंभ म्हणतो. मला तो पुराणाचाच पुढचा अध्याय वाटतो, ज्यात उःशाप यायचा थांबला.

आणखी एक गोष्ट मनात घर करून बसलीय. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती, एकूण लांबी ३,७०० फूट. त्यातलं पहिलं आणि शेवटचं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे असं मानतात. हा उरलेला भागही १९१३ चा नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. काही असो, आपल्याला दिसतात दोन टोकं. सुरुवातीला राजा रोहिदासाला धनुष्यबाण शिकवतोय, तारामती शेजारी आहे, ते काम करणारे अण्णा साळुंके पुरुष आहेत हे माहीत असूनही आपण विसरतो. शेवटाला देवाचं दर्शन. मधलं गेलं. आणि कथेच्या क्रमानं पाहिलं तर राजा बाजारात उभा राहून बायको-पोराची बोली ऐकतो ती जागा याच मधल्या भागात येते. वैभव उरलं, कृपा उरली, कर्जाचा भाग तेवढा गेला. योगायोगच तो. पण त्या मधल्या रिळांत काय होतं हे मला कुठं पाहायला मिळालं असतं तर ते ‘सावकारी पाशा’त. तोही गेला.

आता पेंटरांच्या हाताकडे वळू. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचं मूळ नाव, पेंटर हे कामावरून पडलेलं. ते आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. जंगल, राजवाडा, रस्ता, नदी, सगळं कापडावर. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं कॅमेरा स्वतः घडवला आणि कोल्हापुरात कंपनी उभी केली. तिच्या उभारणीला तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसा दिला. लोकांच्या पैशावर काम सुरू करणं, ते फेडण्याची धास्ती बाळगणं हे या दिग्दर्शकाला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

पडदे रंगवणारा माणूस सिनेमात आल्यावर पडदेच आणखी रंगवेल, अशी आपली अपेक्षा. बाबूरावांनी उलट केलं. रंगवलेले पडदे सोडून त्यांनी खरी खोली असलेले देखावे बांधले. ज्याला सपाट कापडावर खोलीचा भास कसा करतात हे पुरतं ठाऊक होतं, त्याला कॅमेऱ्यापुढं तो भास कसा उघडा पडतो हेही आधी कळलं. ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्यं घेतली. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’शी ताडून बघा. हा १९१९ चा चित्रपट बराचसा उरलाय. सुरुवातीला फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर बसून एकेक हावभाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. मला तो तुकडा अतिशय आवडतो. त्या पोरीच्या चेहऱ्यावर सारखा लख्ख उजेड आहे, फाळक्यांना काहीही लपवायचं नाही, ते चमत्कार सुरू होण्याआधी पेटारा उघडून दाखवणारे जादूगार आहेत. बाबूरावांची चौकट चित्रकाराची. तिच्यात अंधाराला जागा आहे. उरलेल्या छायाचित्रांत शांतारामांचा शेतकरी बघितला की ते कळतं. पौराणिक चित्रपटात नट मुकुट घालून उभा राहतो तेव्हा तो आपल्याकडे तोंड करून असतो, कारण देवळातला देवही तसाच असतो. या माणसाला दर्शन द्यायचं नाही.

‘सैरंध्री’चं थोडं सांगायला हवं, कारण ‘सावकारी पाशा’तलं धाडस कुठून आलं ते तिथं दिसतं. ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन थिएटरात लागला. तिच्या पाठीशी खाडिलकरांचं ‘कीचकवध’ होतं, आणि सरकारनं त्या नाटकावर घातलेली बंदीही. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच सुमारास. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग पडद्यावर इतका खरा वाटला की प्रेक्षक घाबरले, ओरडले, आणि तो काढून टाकावा लागला. म्हणजे ‘सैरंध्री’ हरवण्याआधी तिचा सर्वांत गाजलेला प्रसंग तिच्यातून हरवला होता. आधी तुकडा गेला, मग अख्खा चित्रपट. आज ‘सैरंध्री’बद्दल सगळ्यांना काय माहीत असतं? नेमका तो कापलेला तुकडा. लोकांच्या किंकाळ्यांनी तो जपून ठेवला.

‘सावकारी पाशा’त किंकाळी फुटावी असा वध नाही. तिथं मारायला कागद पुरतो.

या कागदापाशी मी वारंवार येतो. खोटा दस्तऐवज हा कथेचा कणा आहे. तो मूकपटात कसा दाखवतात? नाटकात पात्रं मोठ्यानं बोलून सांगतील. कादंबरी तर स्वतःच अक्षरांची. मूकपटाला बोलता येत नाही, पण त्याला मधूनमधून पडद्यावर अक्षरं लिहून दाखवावी लागतात. थिएटरात बसलेल्या बहुतेकांना ती वाचता येत नसत. कुणीतरी वाचता येणारा मोठ्यानं वाचे आणि बाकीचे ऐकत. आता त्या थिएटरात १९२५ साली बसलेल्या एखाद्या निरक्षर माणसाचा विचार करा. समोर पडद्यावरच्या शेतकऱ्याला एक कागद वाचता येत नाही. त्यात काय लिहिलंय ते सावकार सांगतो आणि शेतकरी विश्वास ठेवतो. इकडे खुर्चीवर किंवा जमिनीवर बसलेल्यालाही पडद्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत, त्यात काय लिहिलंय ते शेजारचा सांगतो आणि तो विश्वास ठेवतो. दोघांची अवस्था एकच. असा प्रेक्षक या गोष्टीकडे बाहेरून बघत नव्हता. बोलपट आल्यावर ही जवळीक संपली. त्यामुळे कागदाची ही गोष्ट मूकपटालाच खरी शोभली असं मी म्हणेन, आणि १९३६ साली बाबूरावांनी तिचा बोलपट काढला तरी माझं मन मूक आवृत्तीकडेच ओढ घेतं.

लाखांदुरात बसून हे लिहिताना कागद फार लांबचा वाटत नाही. चित्रपट निघाला तेव्हा भंडारा जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो मध्यप्रांतात होता आणि इथं मालगुजारी होती. मालगुजारी गेली १९५१ साली. त्या वेळचे तलाव अजून आमच्याकडे मामा तलाव म्हणून ओळखले जातात. ‘मामा’ म्हणजे ‘माजी मालगुजारी’. चुलबंदच्या काठच्या बांध्यांत कर्ज पैशाचं असे तसं धानाचंही असे. रोवणीच्या दिवसांत ढोली रिकामी व्हायची. एक खंडी धान उचललं तर मळणीला सवाई किंवा दिडी भरायची. सवाई म्हणजे सव्वापट, दिडी म्हणजे दीडपट, आणि तीही चार-पाच महिन्यांत. मोठ्या मायनं हे हिशेब बोटांच्या पेरांवर शिकलेत. आकडे तिला येतात, अक्षरं येत नाहीत. सावकारी टिकली ती या दोहोंमधल्या फटीवर. माणूस हिशेबात कच्चा असतो असं आपण समजतो. तो हिशेबात पक्का असतो. कागदावर दुसराच हिशेब असतो, एवढंच.

कागदाचं हे वजन शेतकऱ्यांना केव्हाच कळलं होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात आठवड्याच्या बाजारी लोक सावकारांच्या घरांत शिरले आणि मग ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. त्या दंग्यांत लोकांना हवी होती ती कर्जाची खतं आणि वह्या. ती मिळाली की चौकात आणून जाळत, आणि जिथं सावकार मुकाट्यानं कागद काढून देई तिथं बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. सरकारनं चौकशी केली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि खतं निबंधकापुढं नोंदवायची सक्ती आली. ‘सावकारी पाश’ त्या दंग्यांनंतर पन्नास वर्षांनी आला. कोल्हापूरच्या प्रेक्षकांत त्या दंग्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं असणार. त्यांच्यासमोर पुन्हा तोच कागद पडद्यावर आला, या वेळी हात घालून ओढून घेता येणार नाही असा.

कागद जळाले ते माणसांनी जाळले म्हणून. मूकपट जळायला माणसाची गरज नव्हती. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची. बंदुकीच्या कापसाची ही सख्खी बहीण. एकदा पेटली की तिला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही, ती पाण्याखालीही जळत राहते. न पेटली तरी तिचं आयुष्य उष्ण, दमट हवेत फार नसे. आधी चित्र फिकं पडतं, मग फीत मधासारखी चिकट होते, उग्र वास सुटतो, थर एकमेकांना धरतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. आमच्याकडच्या आषाढात धान्याला कोंब फुटतात, तिथं नायट्रेटची काय कथा. वर फितीत चांदी असते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजार उरला नाही. मग रिळं चांदीच्या भावानं गेली. कलेचा असा हिशेब करणाऱ्यांवर मला रागावता येत नाही. कंपन्या बुडत होत्या, देणी होती, घरात जागा नव्हती. पुन्हा तेच, देणं फेडायला जवळ असलेलं विकणं.

आकडे सांगतो, कारण ते ऐकल्याशिवाय रिकामेपण किती आहे हे कळत नाही. भारतात मूक काळात तेराशेच्या वर चित्रपट निघाले. पूर्ण-अपूर्ण धरून त्यातले आज तीसच्या आसपास उरलेत. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयानं २०१३ साली हिशेब मांडला तेव्हा तिथल्या १०,९१९ मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण उरलेले फक्त १४ टक्के निघाले, आणि तिथं हळहळ व्यक्त झाली. आपल्या तुलनेत ते श्रीमंत आहेत. तोरण्यांचा १९१२ चा ‘पुंडलिक’ गेला. ‘मोहिनी भस्मासुर’ गेला, म्हणजे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर पहिल्यांदा कशा वावरल्या ते गेलं. ‘कल्याण खजिना’ गेला आणि बाबूरावांनी त्याच्यासाठी केलेलं चित्र राहिलं. भारतीय सिनेमाच्या उरलेल्या सचित्र पोस्टरांत ते सर्वांत जुनं समजतात. चित्रकाराचा कागद त्याच्या फितीला पुरून उरला.

जे वाचलं ते माणसांच्या चिकाटीमुळे. पी. के. नायर यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय घडवताना नाशिकला फाळके कुटुंबाकडून, कुठल्याशा गोदामातून, कुणाच्या माळ्यावरून डबे गोळा केले. त्यांनी ते केलं नसतं तर कृष्णाचं सोंग घेतलेल्या मंदाकिनीचा चेहराही आपल्याला ऐकूनच घ्यावा लागला असता. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटची बरीच रिळं गेली. उलट १९१९ च्या ‘बिल्वमंगळ’चा काही भाग पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये सापडला आणि २०१६ साली भारतात आला. कॅनडात डॉसन सिटीला १९७८ साली जमिनीखाली पुरलेली शेकडो रिळं निघाली. ते गाव चित्रपटांच्या फिरतीचं शेवटचं ठिकाण होतं, तिथून परत पाठवायचा खर्च परवडत नसे. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे सिनेमाचे फिरते तंबू आठवले. नाग नदीपासून वैनगंगेपर्यंत किती बैलगाड्या डबे घेऊन हिंडल्या असतील आणि त्यातली कोणती परत गेलीच नसेल. जुन्या वाड्याचं आढं उतरवताना कुणाला गोल पत्र्याचा डबा दिसला तर तो विस्तवाजवळ नेऊ नका आणि भंगारात देऊ नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.

आता त्या झोपडीकडे परत यायचं. वाडियांची आठवण नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. मूक ‘सावकारी पाश’ आपल्याला पुसटसा आठवतो, असं ते आधीच सांगतात. बाबूराव किती मोठे कलावंत आहेत हे त्यांना कळलं ते १९३६ चा बोलपट पाहिल्यावर. म्हणजे ती झोपडी आणि ते रडणारं कुत्रं बोलपटातलं आहे. कुत्र्याचा आवाज मूकपटात येणार तरी कसा? तरीही सांगणारे तो प्रसंग सर्रास १९२५ च्या खात्यावर मांडतात. मी स्वतः कितीतरी वर्षं तसंच समजत होतो. अभ्यासकानं ही चूक दुरुस्त करावी, आणि ती दुरुस्ती मी वर केली आहे. पण मोठ्या मायच्या नाटकावर वाढलेला माणूस म्हणून मला विचारावंसं वाटतं, लोकांनी ती झोपडी मागं का सरकवली?

मला वाटतं, चित्र मुकं होतं म्हणून. त्या चौकटीत माणूस नाही. ज्या काळच्या पडद्यावर गर्दी, मुकुट, रथ आणि दरबार मावत नसे, तिथं एक झोपडी लांबून, अर्ध्या अंधारात, एकटी सोडून द्यायची. तिच्यात काय चाललंय ते दाखवायचं नाही. कॅमेरा जवळ जात नाही, कारण जवळ जाऊन काय सांगायचं ते आपल्याला माहीत आहे. हा चित्रकाराचा संयम आहे, आणि मूकपटाच्या वर्षांत मिळवलेला. आवाज आल्यावर बाबूरावांनी त्यात माणसाचं बोलणं घातलं नाही, गाणं घातलं नाही. एका कुत्र्याचं रडणं घातलं. रात्री कुत्रं रडलं की आमच्याकडे बायका उठून दाराबाहेर बघतात, कुणाच्या घरी काय झालं म्हणून. बोलपटात हा माणूस आवाज वापरतो तोही मूकपटाच्या रीतीनं, शब्दाशिवाय. म्हणून लोकांच्या आठवणीत तो आवाज मुक्या आवृत्तीत जाऊन बसला असावा. तिथंच त्याचं घर होतं.

‘सावकारी पाशा’ला तेव्हाच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं नाही, असं सिनेमाचे इतिहास सांगतात. बाबूराव पुन्हा पुराणांकडे वळले. ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ हे त्यांचे १९२७ चे चित्रपट, त्यांचे काही तुकडे उरलेत, आणि त्यांच्यात त्यांचा हात ओळखता येतो. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात काढली. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या प्रभातपटांत साधी माणसं, गरीब घरं, अंधाऱ्या खोल्या यांना जी मानाची जागा मिळाली, तिची पहिली पायवाट मळक्या मुंडाशातल्या त्या तरुणानं पाडली होती. शांतारामांनी पुढं रंग, नाच, भव्यता सगळं केलं. मला त्यांचा हा पहिला शेतकरी अधिक जवळचा.

गेल्या हिवाळ्यात ही सगळी गोष्ट मी मोठ्या मायला सांगितली. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. शांतारामांचं शेतकऱ्याच्या वेषातलं छायाचित्र मोबाईलवर काढून दाखवलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं, बोटानं पडदा पुसला, पुन्हा पाहिलं. मी सावकार सांगितला, खोटा कागद सांगितला, गाव सोडून गिरणीत जाणं सांगितलं. मंडईत नाटक ऐकताना बसते तशीच ती ऐकत होती, मध्ये न बोलता. मी संपवलं. ती सूप हलवत राहिली आणि मग म्हणाली, “आन् त्याची बायको कोठी होती बापू, ह्यानं आंगठा देला तेवा?”

मी आपट्यांची कथा मनात चाळली, कमलादेवींचा चेहरा आठवला. ती चौकट माझ्याकडे नव्हती. मोठी माय थोडा वेळ वाट पाहून म्हणाली, “चुलीपाशी असंल. तिले सगरं आयकू येत असंल,” आणि सुपातला खडा वेचून तिनं अंगणात टाकला.